तिथं आपलं कोण हाय?

प्रवासवर्णन हा मराठी साहित्यात मानाचा प्रकार समजला जातो. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि पुढे त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला. ते पुस्तक १९०७ मध्ये छापले गेले आणि आजही आवडीने वाचले जाते. वाटेत ते लुटले गेले, त्यांचे अतोनात हाल झाले. त्याबद्दल कोणाही वाचकाला कळवळा वाटेल. मलाही वाटला. परंतु वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. परक्या मुलखातल्या परक्या गावात पाय ठेवल्यावर ‘मला इथे पाणी कोण देईल’ हा प्रश्न जातीमुळे त्यांच्यापुढे कधीच उभा राहिला नाही. त्यांच्या जातीने त्यांच्यासाठी गावोगाव एक ओसरी, एक पंगत आणि एक विहीर आधीच राखून ठेवली होती. निघण्यापूर्वी त्यांना त्यांची तरतूद करावी लागली नाही.

आमच्या बापजाद्यांना ती करावी लागली. आमच्या समाजाने प्रवासवर्णने फारशी लिहिली नाहीत याचे कारण आम्ही हिंडलो नाही, हे नव्हे. पोटासाठी आमच्याइतके कोण हिंडले असेल? पण आमचा प्रवास निघण्याच्या आदल्या रात्रीच सुरू होत असे. भाकरी किती, पाणी कशात, रात्र कुठे, विचारले तर सांगायचे काय, या सगळ्याचा विचार करता करताच माणूस दमून जाई. त्या तयारीचाही एक इतिहास आहे. तो कोणत्याही दप्तरात नोंदलेला नाही. तो आठवणींत आहे, गाठोड्यांत आहे आणि बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या काही पानांत आहे. त्याकडे माझे लक्ष गेले ते एका अगदी घरगुती निमित्ताने.

मी कल्याणला राहते. कॉलेजात इतिहास शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. गेल्या महिन्यात घरात ठरले की सुट्टीत सगळ्यांनी मिळून मोटारीने वेरूळ, दौलताबाद आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) बघून यायचे. सात माणसांची गाडी भाड्याने घ्यायची, धाकटा दीर चालवणार. रात्री जेवणे झाल्यावर मुलांनी नकाशा उघडला. रस्ते दोन. एक नवा समृद्धी महामार्ग. भिवंडी तालुक्यातल्या आमणेपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरचा हा रस्ता टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. कसाऱ्याचा घाट चढायला नको. इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा डोंगराच्या पोटातून पलीकडे नेतो. दुसरा जुना रस्ता. पडघा, शहापूर, कसारा, इगतपुरी, नाशिक, निफाड, येवला, वैजापूर. दिराचे मत अर्थातच समृद्धीला. मुलांचेही तेच. माझे मत काय, हे मी सांगणार, तोच कोपऱ्यात बसलेल्या आजीने विचारले, “पर तिथं आपलं कोण हाय?”

मुले हसली. “आजी, तिथं हॉटेल आहे. फोनवर पैसे भरले की खोली आपली.” आजी गप्प राहिली. मग उठून तिने फळीवरचा आपला पितळी तांब्या काढला आणि चिंचेने घासायला घेतला. प्रवासाला जायचे म्हणजे तांब्या घासायचा, हे तिच्या हाताला पाठ आहे.

आजी मूळची वैजापूर तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती, आजोबा आणि कडेवरचे पोर (म्हणजे माझे वडील) गाव सोडून कल्याणला आले. त्या प्रवासाची आखणी कशी झाली, हे मी तिला त्या रात्री पहिल्यांदा नीट विचारले. इतकी वर्षे इतिहास शिकवून हे विचारायचे राहून गेले होते, याची मला लाज वाटली. तिने सांगितले ते असे. आधी कल्याणहून कोणीतरी गावी आलेला माणूस गाठायचा. त्याच्याकडून पत्ता नव्हे, माणसाचे नाव घ्यायचे. ‘स्टेशनाच्या अमुक अंगाला, रुळाच्या कडेला अमक्याचे झोपडे.’ मग तीन दिवस पुरतील एवढ्या भाकऱ्या, वाळल्या मिरचीचा ठेचा, एक वाकळ आणि तांब्या. तांब्या कशाला, असे मी विचारले. ती म्हणाली, “आपलं भांडं नसलं तर लोक ओंजळीत वतत्यात. पोराला ओंजळीनं कसं पाजू?” रोटेगाव स्टेशनापर्यंत पायी, तिथून मनमाड, मनमाडहून कल्याण. रोटेगावपर्यंतच्या वाटेत दोन गावे लागत. त्या दोन्ही गावांत आपली वस्ती कुठल्या अंगाला आहे, हे आजोबांनी आधीच विचारून ठेवले होते. स्टेशनात शिरल्यावर मात्र तिचा जीव भांड्यात पडला. का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “तिकिट काढलं व्हतं ना.”

या एका वाक्यात आमच्या प्रवासाच्या इतिहासातला एक मोठा दुवा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे धावली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणला पोचले. ठाणे-कल्याणच्या शाळांतून हा दिवस अभिमानाने सांगितला जातो. इंग्रजांनी रेल्वे बांधली ती कापूस आणि फौज हलवण्यासाठी, आमच्या उद्धारासाठी नव्हे. तरीही तिसऱ्या वर्गाच्या डब्यात तिकिटाला जात नव्हती, हे नाकारता येत नाही. गावाने नेमून दिलेल्या जागेऐवजी पैसे देऊन विकत घेता येणारी जागा आमच्या माणसाला इथे प्रथम मिळाली. कल्याण जंक्शनाच्या आसपास, रुळांच्या कडेने ज्या आमच्या वस्त्या वसल्या, त्या उगीच तिथे वसल्या नाहीत. तिकिटाचे राज्य जिथपर्यंत होते, तिथवरच माणसे आली आणि तिथेच टेकली.

पण ते राज्य स्टेशनाच्या फाटकापाशी संपत होते. बाबासाहेबांच्या लेखनात याचे पुरावे आहेत. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे छोटेखानी इंग्रजी लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकारूपाने छापले. त्यातले दोन प्रसंग इतरांचे आहेत आणि चार त्यांचे स्वतःचे. स्वतःचे चारही प्रसंग प्रवासातले किंवा मुक्कामातले आहेत, ही गोष्ट मी अनेक वर्षे वाचूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. नावातला ‘व्हिसा’ हा शब्दच प्रवासाचा आहे. परक्या देशात शिरायला लागणारा परवाना! हा माणूस आपल्याच देशात त्या परवान्याची वाट पाहत होता.

पहिला प्रसंग १९०१ सालचा. वडील सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला, दुष्काळी कामावर खजिनदार. भीमराव, थोरला भाऊ आणि घरातली मुले साताऱ्याहून त्यांच्याकडे सुट्टीसाठी निघाली. त्या घराने तयारीत काही कसूर ठेवली नव्हती. वडिलांनी सविस्तर सूचना लिहून पाठवल्या होत्या. मुलांना नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे घेतली होती. कोणत्या गाडीने येतो ते पत्राने कळवले होते. बरोबर फराळाचा डबा होता. मसूर स्टेशनावर उतरेपर्यंत सारे यथासांग झाले. न्यायला मात्र कोणी आले नाही. पत्र पोचले होते, पण शिपायाने ते दिलेच नाही. स्टेशनमास्तर आधी ममतेने चौकशी करीत होता. मुलांनी ‘आम्ही महार’ असे सांगताच त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले येईनात. अखेर दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवाल्याने शेजारून चालायचे, असा तोडगा निघाला. डबा भरलेला होता, पण पाणी नव्हते. त्यामुळे खाता येईना. रात्री जकातनाक्यावर, सल्ला मिळाल्याप्रमाणे, आपण मुसलमान आहोत असे सांगूनही त्या पोरांना पाण्याचा घोट मिळाला नाही. सगळी उपाशी झोपली.

माझा मुलगा आज नऊ वर्षांचा आहे. हा भाग मी त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, “पाणीच बरोबर घ्यायचं ना!” त्याचे म्हणणे बरोबर आहे. साऱ्या तयारीत ती एक गोष्ट राहिली होती. आजीने मात्र तिच्या तयारीत ती कधी राहू दिली नाही, कारण तिचे शिक्षण वेगळ्या शाळेत झाले होते.

दुसरा प्रसंग बडोद्याचा. परदेशात शिकून आलेला हा विद्वान नोकरीसाठी बडोद्याला उतरला आणि राहायला जागा नाही म्हणून पारशी नाव धारण करून एका पारशी धर्मशाळेत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. तिसरा प्रसंग १९२९ सालचा, चाळीसगावचा. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातल्या लोकांना त्यांना पायी न्यायचे नव्हते. टांगेवाले महाराला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हते. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा आपला. त्याने टांगा कधी हाकला नव्हता. नदीवरच्या पुलाशी टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. त्या लोकांनी आपल्या पाहुण्याच्या प्रतिष्ठेचा विचार केला, सुरक्षिततेचा केला नाही, असे बाबासाहेब स्वतःच नमूद करतात. त्यात दोष देण्याचा सूर नाही. दोन्हींचा विचार एकाच वेळी करण्याची सोय त्या माणसांना कोणी ठेवली होती? मसूर आणि चाळीसगाव या दोन्ही ठिकाणी आगगाडीने आपले काम चोख केले होते. जे घडले, ते फाटकाबाहेर घडले.

चळवळ वाढली तशी प्रवासाची आखणी ही एकट्यादुकट्याची चिंता न राहता चळवळीचे शास्त्र बनली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला लोक दूरदूरच्या गावांहून पाठीवर भाकऱ्या बांधून आले. त्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी ४० रुपये मोजून पाणी विकत घ्यावे लागले. ज्या गावात तळे काठोकाठ भरलेले, त्या गावात! २० मार्चला तो तळ्यावरचा मोर्चा निघाला, हे आपण सारे जाणतो. पण जमाखर्चाच्या वहीतले हे ४० रुपये मला त्या मोर्चाइतकेच बोलके वाटतात. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेला जाताना बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदराच्या लांबच्या मार्गाने गेले. धरमतरवरून मोटारीने जाता आले असते. परंतु मोटारमालकांनी बहिष्कार घातला तर? दासगावाहून महाड पाच मैल. बहिष्कार पडलाच तर पाच मैल चालता येतात. जवळचा मार्ग सोडून लांबचा घेण्यामागे हा हिशेब होता. २५ डिसेंबरच्या मनुस्मृतिदहनाची वर्णने आपण वाचतो, भाषणांतून सांगतो. त्या आगीपर्यंत पोचण्यासाठी कोणीतरी नकाशावर बोट ठेवून असा विचार केला होता, हेही आपल्या पोरांना सांगितले पाहिजे.

आणि मग चौथा प्रसंग, आमच्या प्रवासाशी थेट जुळणारा. १९३४ साल. काही सहकाऱ्यांनी सहलीची इच्छा व्यक्त केली. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. बाबासाहेब नाशिकला गेले, मंडळी तिथे येऊन मिळाली. सुमारे तीस माणसे. बसगाड्या आणि मोटारी भाड्याने घेतलेल्या. नाशिकहून येवला, येवल्याहून निजामाच्या हद्दीतून दौलताबाद, औरंगाबाद. सहलीचा कार्यक्रम जाणूनबुजून जाहीर केला नव्हता. अस्पृश्य प्रवाशाला आडवळणाच्या मुलखात ज्या अडचणी येतात त्या टाळण्यासाठी ओळख न देता जायचे, असे ठरले होते. जिथे मुक्काम, तेवढ्याच ठिकाणच्या आपल्या लोकांना निरोप होता. म्हणजे ‘तिथं आपलं कोण हाय?’ हा आजीचा प्रश्न त्या वेळी या देशातल्या सर्वांत शिकलेल्या माणसांपैकी एकाने विचारला होता आणि त्याचे उत्तर हाती घेऊनच तो निघाला होता.

दौलताबादला आपली माणसे चहा घेऊन थांबली होती. अंधार पडण्यापूर्वी किल्ला नीट पाहता यावा म्हणून ‘परतताना घेऊ’ असे सांगून मंडळी पुढे गेली. महिना रमजानचा. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेला हौद. धुळीने माखलेल्या काहींनी तिथे हातपाय धुतले. मागून एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्या झाल्या. अखेर आत जायला परवानगी मिळाली ती अशी की, आत कुठे पाण्याला हात लावायचा नाही आणि बरोबर हत्यारबंद शिपाई राहील. जातीचे विष धर्माची वेस ओलांडून कसे जाते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. आखणी निर्दोष होती, गुप्तता पाळलेली होती; एका तळहातभर पाण्याने ती उधळली.

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक समाज असाच नकाशा पुढे घेऊन बसला होता. अमेरिकेत १९२६ साली शिकागो ते लॉस एंजलिस असा ‘रूट ६६’ हा महामार्ग मुक्रर झाला. मोटार घेऊन एका शहरातून दुसऱ्या शहराला मनसोक्त जायचे, हे तिथल्या गोऱ्या माणसाचे स्वप्न त्या रस्त्याच्या नावाने ओळखले जाते. काळ्या माणसानेही मोटार घेतली, कारण दक्षिणेतल्या आगगाड्यांत त्याला वेगळ्या डब्यात कोंबले जाई. मोटारीत निदान डबा आपला. पण मोटारीला पेट्रोल लागते, माणसाला जेवण लागते, शौचाला जावे लागते, रात्री पाठ टेकावी लागते. कित्येक गावांत तर सूर्य मावळल्यावर काळ्या माणसाने दिसायचेच नाही, असा दंडक होता. म्हणून ती माणसे पेट्रोलचा डबा, पांघरुणे, शिदोरी बरोबर घेत. १९३६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या पोस्टमनने एक पुस्तिका काढली, ‘द नीग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक’. कोणत्या गावात कोणते हॉटेल, कोणती खानावळ, कोणते गॅरेज काळ्या प्रवाशाला दारात उभे करते, याची ती यादी. जिथे हॉटेल नाही, तिथे आपल्याच माणसांची घरे. पहिली आवृत्ती न्यूयॉर्क परिसरापुरती होती. पुढे ती देशभराची झाली आणि तीस वर्षे निघत राहिली. एक दिवस असा येईल की या पुस्तिकेची गरज उरणार नाही, अशी आशा ग्रीनने तिच्यातच व्यक्त केली होती. १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत ग्रीन बुक बंद पडले. ग्रीन स्वतः १९६० मध्येच वारला होता.

विद्यार्थिदशेत बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ पर्यंत शिकले, ते हार्लेमला लागूनच आहे. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी मुंबईत पँथरचे नाव घेतले तेही तिकडूनच. तेव्हा ही तुलना नवी नाही. पण मला इथे साम्याइतकाच फरक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे असे ग्रीन बुक का निघाले नाही? पहिले उत्तर उघड आहे. छापील यादी वाचायला अक्षरओळख लागते. तीच आम्हांला नाकारलेली होती. आमचे ग्रीन बुक तोंडी होते. कल्याणहून गावी आलेला माणूस हेच त्याचे पान. दुसरे उत्तर अधिक खोल आहे. काळ्या माणसाचा रंग लपत नाही. म्हणून त्याचा प्रश्न ‘कुठे थांबू?’ एवढाच होता. फार तर तो शोफरची टोपी गाडीत ठेवी आणि कोणी अडवले तर ही मोटार मालकाची आहे असे सांगे. माणूस नव्हे, मालकी लपवायची! आमची जात कातडीवर दिसत नाही. ती विचारावी लागते. म्हणून आमच्या तयारीत ‘कुठे थांबू?’ च्या जोडीला दुसरा प्रश्न असे, ‘विचारले तर काय सांगू?’ नाक्यावर मुसलमान, बडोद्यात पारशी, १९३४ मध्ये अनाम. लपता येणे ही सोय वाटते खरी. परंतु ज्याला लपावे लागते त्याला पकडले जाण्याची भीतीही सतत वाहावी लागते.

कायद्याने काय केले, हेही सांगितले पाहिजे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोल्यांचा ठराव झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. त्यात ‘धर्मशाळा’ हा शब्द आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पुढे १९५० मध्ये संविधान अमलात आले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली हे प्रत्येकाला ठाऊक असते. पण अनुच्छेद १५ चे दुसरे कलम एकदा शांतपणे वाचा. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. दिवसभर वाटेत ठिकठिकाणी अडवल्या गेलेल्या एखाद्या प्रवाशाने रात्री बसून लिहावी अशीच ती यादी आहे. मसूरचे पाणी, चाळीसगावचा रस्ता, दौलताबादचा हौद, सारे तिच्यात आहे. ती यादी एकट्या बाबासाहेबांनी लिहिली असे मी म्हणत नाही. पण संविधान सभेत मसुदा समितीचा अध्यक्ष म्हणून ती सांभाळणाऱ्या माणसाला तिच्यातला प्रत्येक शब्द अंगावरच्या वळासारखा ओळखीचा होता. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि तिकिटाचे राज्य स्टेशनाच्या फाटकाबाहेर, गावाच्या पारापर्यंत पोचू लागले. १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला. या पायऱ्या खऱ्या आहेत. त्यांच्यावर पाय देऊनच मी आज या कॉलेजच्या वर्गात उभी आहे.

मग आजीचा प्रश्न संपला का? समृद्धीवर गाडी घातली तर वाटेत कोणी जात विचारणार नाही, हे खरे. टोलनाक्यावर आता माणूसही हात पुढे करीत नाही. काचेवरची चिठ्ठी यंत्र वाचते आणि पैसे कापले जातात. १९०१ च्या त्या जकातनाक्यापासून इथवरचे अंतर थोडे नाही. पण तिथे मला विचारीत नाहीत ते मी कोणीच नाही म्हणून, मी समान आहे म्हणून नव्हे. जिथे माणूस थांबतो, राहतो, शेजारी होतो, तिथे प्रश्न परत येतो. लग्नानंतर आम्ही डोंबिवलीत भाड्याची खोली पाहत होतो. एका घरमालकांनी फार आपुलकीने चहा पाजला. मग आडनाव विचारले. आडनावावरून उमगेना म्हणून गाव विचारले, मग खाणेपिणे, मग देव्हारा कुठे मांडणार, असे विचारले. मी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध लावणार, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, खोली आधीच दिली गेली आहे. मसूरचा स्टेशनमास्तर मला त्या दिवशी प्रत्यक्ष भेटला. फरक इतकाच की याने चेहरा पालटू दिला नाही.

त्यानंतरच्या दोन घरांत मी देव्हाऱ्याच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर दिले, हे मी इथे कबूल करते. तिसरी खोली मिळाली. माझ्या शिक्षणाचा उपयोग मी आजोबांपेक्षा चांगले लपण्यासाठी केला होता. आपल्यातली किती शिकलेली माणसे आडनाव बदलून, गावाचे नाव अर्धवट सांगून, गळ्यातले लॉकेट सदऱ्याच्या आत सरकवून दररोज हा अनाम प्रवास करतात, याचा प्रत्येकाने आपल्याशी हिशेब मांडावा. मी कोणाला दोष देत नाही. १९३४ मध्ये ती युक्ती होती आणि गरजेची होती. परंतु ती युक्ती कायमची राहणीच झाली तर आपण त्या हौदाच्या काठावरच उभे आहोत, असे म्हणावे लागेल. हक्क मिळाला याची खूण एकच. माणसाला आपले नाव, गाव सांगून दार ठोठावता आले पाहिजे.

या निमित्ताने मी माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक काम दिले. आपल्या घरातले पहिले माणूस ठाण्या-कल्याणकडे कसे आले, निघताना काय बरोबर घेतले, पहिली रात्र कोणाकडे काढली, हे विचारून एक पान लिहून आणा. पाने आली. कोणी जव्हार-मोखाड्याकडून, कोणी जालन्याकडून, कोणी खानदेशातून आलेले. भाकरी साऱ्यांच्या पानांत होती. मात्र पाण्याचे स्वतःचे भांडे काहींच्याच पानांत होते. त्या पानांवरून कोणाची जात काय असेल ते मला नाव न वाचता कळत गेले. शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की हे काम त्यांनीही आपापल्या वर्गात द्यावे. ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. ती गेली की आपले तोंडी ग्रीन बुक कायमचे मिटेल.

आमच्या प्रवासाची आखणी आता पक्की झाली आहे. जाताना जुना रस्ता, येताना समृद्धी. दीर कुरकुरला, पण मी हट्ट सोडला नाही. समृद्धी नाशिकला आणि येवल्याला बगल देऊन जाते आणि मला नेमकी तीच दोन गावे मुलाला दाखवायची आहेत. नाशिकला काळाराम मंदिर, जिथे २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. मग येवला. १९३४ मध्ये ज्या गावातून ती गाडी अनाम होऊन पुढे गेली, त्याच गावी पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्याच माणसाने जगाला ऐकू जाईल अशा आवाजात आपला निर्धार जाहीर केला. दौलताबादला किल्ला चढण्यापूर्वी चहा घ्यायचा, असे मी ठरवले आहे. आणि शेवटचा मुक्काम औरंगाबादेत, नागसेनवनात एक फेरी मारून. ज्या भागात हौदाच्या पाण्यावरून हत्यारबंद शिपाई मागे लावला गेला, तिथेच सोळा वर्षांनी, १९५० मध्ये, बाबासाहेबांनी कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून निघालेल्या पोरांना शहरात राहण्याजेवण्याची जागा त्या परिसराने दिली. ‘तिथं आपलं कोण हाय?’ या प्रश्नाला दिलेले दगडाविटांचे उत्तर म्हणजे ती वास्तू. त्या शहरातल्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळण्यासाठी मात्र १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली, घरे जळाली, माणसे गेली. त्या व्हिसाची रांग इतकी लांब होती.

हॉटेलची खोली मी स्वतः फोन करून घेतली. पूर्ण नाव, आडनाव, गाव सांगितले. पलीकडच्या माणसाने फक्त किती माणसे एवढेच विचारले. येवल्यातल्या एका शिक्षिका मैत्रिणीला आणि औरंगाबादच्या दोन सहकाऱ्यांना आम्ही येत असल्याचे कळवले आहे. ते गरज म्हणून नव्हे, भेट व्हावी म्हणून. आजीला तसे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मंग आपलं हाय की कुनीतरी.”

गाडीत ठेवायच्या सामानात मुलाने पाण्याच्या बाटल्या मोजून ठेवल्या आहेत. आजीची पिशवी वेगळी आहे. तिच्यात भाकऱ्या आहेत, ठेचा आहे आणि घासून लख्ख केलेला तांब्या आहे. ‘आता तांब्याची काय गरज’ असे दीर म्हणाला, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. गरज नाही, असे इतिहासाची शिक्षिका म्हणून मला ठामपणे सांगता आले असते तर मी सांगितले असते. मी पिशवीची गाठ मारून ती तिच्या पायाशी ठेवली.